जळत्या गासडीचा विमा

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाच्या तळाशी दुपारी कापसाच्या गासड्यांनी पेट घेतला. इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालेल्या या जहाजानं वाटेत कराचीला कापूस चढवला होता, आणि त्याच्या पोटात त्याच कापसाच्या शेजारी सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. जळता कापूस आसपासच्या वस्त्यांच्या छपरांवर पडला आणि मैलभर आग पसरली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ.

आग विझल्यावर भरपाईचा प्रश्न उभा राहिला. आगीच्या साध्या विम्यात स्फोटानं किंवा युद्धामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असे. गोदाम जळलं होतं हे खरं, पण ते जळलं दारूगोळ्याच्या स्फोटानं, आणि दारूगोळा होता महायुद्धाचा. कलमावर बोट ठेवून हात वर करायला पुरेशी जागा होती. शेवटी सरकारनं त्याच वर्षी 'मुंबई स्फोट (नुकसानभरपाई) वटहुकूम' काढला आणि भरपाईची जबाबदारी स्वतःकडे घेतली. विम्याच्या कागदात जे बसत नव्हतं, ते राज्याला आपल्या अंगावर घ्यावं लागलं.

व्हिक्टोरिया डॉकपासून काही किलोमीटर उत्तरेला, हार्बर लाइनवर, कॉटन ग्रीन आहे. मुंबईचा कापूस बाजार आधी फोर्टातल्या हिरवळीवर भरे, मग कुलाब्यात गेला आणि विसाव्या शतकात शिवडीजवळच्या भरावावर आला. येताना 'ग्रीन' हे नाव घेऊन आला. वऱ्हाड-खानदेशातून रेल्वेनं गासड्या यायच्या, पोर्ट ट्रस्टच्या गोदामांत रचल्या जायच्या, आणि तिथून लालबाग-परळच्या गिरण्यांत किंवा बोटीवर जायच्या. कापूस बाजाराची कॉटन एक्स्चेंजची इमारत अजून उभी आहे. शेजारच्या घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडानं गिरणी कामगारांसाठी घरं बांधली. काळाचौकीला अभ्युदय नगर आहे. या घरांतून आज साठीपुढची जी माणसं राहतात, त्यांतल्या कित्येकांची छाती त्या कापसानं भरलेली आहे.

आणि याच घरांत कधीतरी रविवारी सकाळी मेडिक्लेमचा एजंट येतो. मुलगा आता बँकेत किंवा आयटीत असतो, त्याला आईवडिलांसाठी पॉलिसी काढायची असते. एजंट फॉर्म उघडतो. नाव, जन्मतारीख, उंची, वजन. मग प्रश्नांचं पान येतं, प्रत्येकासमोर 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन. मधुमेह आहे का? रक्तदाब? दमा, क्षय किंवा छातीचा अन्य विकार? गेल्या काही वर्षांत रुग्णालयात दाखल झाला होता का? रोज कोणती गोळी घेता? वडील औषधांची पिशवी आणायला आत जातात. एजंट मुलाकडे बघतो. 'होय'वर खूण झाली तर हप्ता वाढेल, त्या आजाराला तीन वर्षं संरक्षण मिळणार नाही, किंवा प्रस्तावच परत येईल. 'नाही'वर झाली तर ती खोटी असेल. या एका पानावर कुटुंबाचं नीतिशास्त्र पणाला लागतं, आणि तसं ते लागावं का, हा या लेखाचा विषय आहे.

आधी विमा कंपनीची बाजू, कारण ती खरी आहे. विमा अनिश्चिततेचा असतो. कुणाची गासडी जळेल हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून सगळे थोडे थोडे पैसे टाकतात आणि ज्याची जळेल त्याला भरपाई मिळते. गासडीतून धूर निघायला लागल्यावर कुणी विमा उतरवायला आला, तर त्याला भरपाई देणं म्हणजे इतरांच्या पैशातून त्याचं ठरलेलं नुकसान भरून काढणं. आज मेडिक्लेम काढायचा आणि पुढच्या महिन्यात बायपास करून घ्यायची, असं सगळेच करू लागले तर हप्ता इतका चढेल की धडधाकट माणसं बाहेर पडतील, मग तो आणखी चढेल, आणि शेवटी फक्त आजारी माणसं उरतील. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात हेच उदाहरण दिलं आहे: पासष्टीपुढच्या लोकांना आरोग्य विमा मिळणं इतकं अवघड का होतं, याचं. म्हणून पूर्वीपासूनच्या आजाराला 'वेटिंग पिरियड' असतो. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, गुडघेबदल यांसारखे थांबवून ठेवता येणारे उपचार बहुतेक पॉलिसींत पहिली काही वर्षं बसत नाहीत, तेही याच कारणानं.

'सगळं खरं सांगा' या अटीलाही मोठा इतिहास आहे. १७६६ मध्ये इंग्लंडच्या न्यायमूर्ती मॅन्सफील्ड यांच्यासमोर सुमात्रातल्या एका किल्ल्याचा दावा आला. किल्ल्याच्या गव्हर्नरानं शत्रूच्या हल्ल्याविरुद्ध विमा उतरवला होता, फ्रेंचांनी किल्ला घेतला, आणि विमेकरी म्हणाला की किल्ला किती दुबळा होता हे आम्हाला सांगितलंच नाही. मॅन्सफील्डनी या निकालात परम विश्वासाचं तत्त्व मांडलं: विमा घेणाऱ्यालाच जे ठाऊक आहे ते त्यानं लपवू नये. आजही क्लेम नाकारताना हेच तत्त्व पुढे केलं जातं. पण त्या खटल्यात निकाल गव्हर्नराच्या बाजूनं लागला होता, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. मॅन्सफील्ड म्हणाले, विमेकऱ्याला जे माहीत होतं किंवा विचारून कळलं असतं, त्याबद्दल त्याला मागाहून तक्रार करता येणार नाही. विश्वासाची जबाबदारी दोन्हीकडे होती.

इथपर्यंत हिशेब आहे, आणि त्यात खोट काढता येत नाही. खटकतं ते यापुढे. उपचाराचं दार जेव्हा मुख्यतः विम्यातूनच उघडतं, तेव्हा हिशेबाचं कलम हळूहळू माणसाबद्दलचा निवाडा होऊन बसतं. 'तुमचा आजार आधीचा आहे' याचा अर्थ 'तो तुमचा तुम्ही भोगा' असा होतो. आणि हे वाक्य महाराष्ट्रात कुणालाही परकं वाटत नाही, कारण ते इथं विम्याच्या पुष्कळ आधीपासून बोललं जातं. दवाखान्याच्या बाकावर बसलेली म्हातारी म्हणते, भोग आहेत, भोगून संपवायचे.

या विचाराची शास्त्रीय मांडणी आपल्या परंपरेत फार काटेकोर आहे. वेदान्तानं कर्माच्या साठ्याचे दोन भाग पाडले. ज्याचं फळ मिळायला सुरुवात झाली ते प्रारब्ध, आणि ज्याची सुरुवात झालेली नाही ते अनारब्ध. ज्ञान झालं तर अनारब्ध जळून जातं, पण प्रारब्ध ज्ञान्यालाही भोगूनच संपवावं लागतं. सुटलेला बाण वेग संपेपर्यंत जातोच, हा शंकराचार्यांच्या परंपरेतला दाखला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' हे सबंध प्रकरण या प्रश्नाला दिलं आहे. मेडिक्लेमच्या पॉलिसीतली रेघ नेमकी याच जागी पडते. जे सुरू झालेलं नाही, त्यातून सुटका आहे. जे सुरू झालं, ते ज्याचं त्यानं भोगायचं. टिळकांना मात्र तिथं थांबायचं नव्हतं. कर्माचा नियम मान्य करूनही माणसाला प्रयत्नाचं स्वातंत्र्य उरतं, हे सिद्ध करण्यासाठीच त्यांनी ते प्रकरण लिहिलं. त्याचा आधार घेऊन कुणाच्या दुखण्याकडे पाठ फिरवणं हा त्या ग्रंथावरचा अन्याय ठरेल.

प्रारब्धाच्या या वापरावर सर्वांत कठोर प्रहार झाला तो परळमध्ये राहून गेलेल्या माणसाकडून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची उमेदीची वर्षं परळच्या बीआयटी चाळीत आणि दामोदर हॉलजवळच्या कचेरीत गेली. त्यांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बुद्धाचा नव्हेच असं प्रतिपादन केलं आणि विचारलं की या सिद्धांताचा उपयोग तरी कोणाला? त्यांचं उत्तर होतं: राज्याला आणि समाजाला, गरीब आणि दीनांच्या स्थितीची जबाबदारी झटकण्यासाठी. मग ते म्हणतात, करुणेसाठी ओळखल्या जाणाऱ्या बुद्धानं असा सिद्धांत मांडला असेल हे मानताच येत नाही.

पाली ग्रंथांत याला भक्कम आधार आहे. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणसाला जे जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही लोक म्हणतात, तुमचं म्हणणं काय? बुद्ध आठ कारणं मोजतो: पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र, ऋतूतला बदल, शरीराची हेळसांड, अचानक झालेला आघात, आणि आठवं कर्म. ही कारणं माणसाला स्वतःलाही कळतात, लोकांनाही माहीत असतात, असं तो सांगतो. चरकाची साक्षही याच दिशेची आहे. 'जनपदोद्ध्वंस' या अध्यायात शिष्य अग्निवेश विचारतो की लोकांची प्रकृती, आहार, वय, बळ सगळं वेगवेगळं असताना एकाच वेळी सगळी वस्ती आजारी कशी पडते? गुरू आत्रेय सांगतात, कारण हवा, पाणी, जागा आणि काळ सगळ्यांचे एकच असतात. ते बिघडले की प्रकृतीचा फरक कामाला येत नाही. आणि ते का बिघडतात, हे शोधत ते देश चालवणाऱ्यांच्या अधर्मापर्यंत जातात.

सगळ्यांची हवा एकच. हे वाक्य गिरणगावात नेऊन तपासायला हवं.

गिरणीत गासडी फोडली जाते ती ब्लोरूममध्ये. दाबून बसवलेला कापूस सैल करायचा, झोडायचा, त्यातली सरकीची टरफलं, पानांचा चुरा, माती वेगळी काढायची. मग कार्डिंग खातं, जिथं काट्यांच्या रुळांवरून तो विंचरला जातो. या दोन खात्यांत हवेत तरंगणारी धूळ सर्वांत दाट. पापण्यांवर, केसांवर, तंबाखूच्या डबीवर तिचा थर बसायचा. ही धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की जो विकार होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची एक खूण अशी की कामगाराला सुरुवातीला तो फक्त आठवड्याच्या पहिल्या दिवशी जाणवतो. सुट्टीनंतर खात्यात पाऊल टाकलं की काही तासांत छाती आवळल्यासारखी होते, खोकला लागतो. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. काही वर्षांनी मंगळवारही तसाच जातो, मग बुधवार, आणि शेवटी आठवडाभर दम लागतो. तोवर झालेली हानी भरून येत नाही. गिरण्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणी कामगारांमधल्या या विकाराचा अनेक वर्षं पाठपुरावा करून अभ्यास केला. कायद्यातही तो नोंदला गेला: कामगार भरपाई कायद्याच्या आणि कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कापसाच्या धुळीनं होणारा छातीचा विकार हा व्यवसायजन्य आजार म्हणून आला.

आता पुन्हा त्या फॉर्मकडे यावं. 'छातीचा विकार आहे का?' होय. कधीपासून? गिरणीत असल्यापासून. हा आजार त्या माणसाचा 'आधीचा' आहे यात शंका नाही. पण तो त्याच्या एकट्याचा कसा? ज्या धुळीनं त्याची छाती गेली, त्याच कापसावर हे शहर उभं राहिलं. त्यातून गोदामं, कचेऱ्या, कॉलेजं झाली, धर्मादाय रुग्णालयंसुद्धा झाली. फायद्याचे वाटेकरी मोजायला बसलं तर यादी संपणार नाही. तोट्याचा वाटेकरी मात्र तो एकटा आणि त्याची दोन फुप्फुसं. फॉर्म भूतकाळ विचारतो, पण त्या भूतकाळात आणखी कोण कोण होतं हे विचारत नाही. विमा कंपनीनं ते विचारावं अशी अपेक्षाही नाही, कारण तिच्या हिशेबात ते बसणार नाही. समाजानं ते विचारायला हवं, आणि एकदा या समाजानं ते विचारलंही होतं.

ते साल पुन्हा १९४४. स्फोटाच्या दिवशी ५३ वर्षं पूर्ण केलेले बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायला प्रा. बी. पी. आडारकर यांना १९४३ च्या मार्चमध्ये नेमलं होतं, आणि त्यांनी आपला अहवाल १९४४ च्या ऑगस्टमध्ये सादर केला. ज्या उद्योगांपासून सुरुवात करायची त्यांत कापड उद्योग होता. योजनेचा कणा असा: विमा सक्तीचा, कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीवर चालणारा. त्यातून स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या एप्रिलमध्ये कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा झाला. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आपली योजना १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईत आली.

ईएसआयचं महत्त्व सक्तीत आहे. ज्या कारखान्याला कायदा लागू, तिथल्या ठरावीक पगारापर्यंतच्या प्रत्येकाला त्यात यावंच लागतं. धडधाकट तरुणालाही, दमेकरी म्हाताऱ्यालाही. कुणी आजार होईपर्यंत बाहेर थांबून मग आत शिरू शकत नाही, म्हणून दारावर कुणाची तपासणी करायची गरजच उरत नाही. नोकरीला लागल्यापासून कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, आजार आधीचा की नंतरचा हे न विचारता. रोख आजारलाभासाठी वर्गणीच्या ७८ दिवसांची अट आहे, ती वेगळी. आणि क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, मनोविकार अशा ३४ दीर्घ आजारांसाठी तर जास्त मुदतीचा, जास्त दराचा लाभ आहे. खासगी पॉलिसी ज्या आजारांची नावं भीतीनं घेते, त्यांचीच ही यादी आहे.

म्हणजे अॅकरलॉफनं सांगितलेलं संकट खरं, पण ते आजारातून निर्माण होत नाही. ज्याला हवं त्यानं यावं, नको त्यानं बाहेर राहावं, या मोकळिकीतून ते निर्माण होतं. सगळे आत असले तर वगळण्याचं कलम लिहायला कारणच उरत नाही. अमेरिकेनंही २०१० च्या कायद्यानं १ जानेवारी २०१४ पासून पूर्वीच्या आजारामुळे विमा नाकारायला बंदी केली, तेव्हा सोबत प्रत्येकानं विमा घेण्याची सक्ती आणली ती याचसाठी. वगळणं हा विम्याचा निसर्गनियम आहे, असं जे सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे.

अर्थात ईएसआयच्या दवाखान्यांतल्या रांगा, औषधांची टंचाई, रिकाम्या जागा हे गिरणगावानं भोगलेलं आहे, आणि त्यावर पांघरूण घालण्याचं कारण नाही. त्याहून मोठी अडचण ही की हे छत्र नोकरीला बांधलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. नोकरी गेली तशी ईएसआयही गेली. नियत वयाला निवृत्त झालेल्या आणि किमान पाच वर्षं विमेदार असलेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून पतीपत्नीसाठी उपचार चालू ठेवता येतात. पण संपानं किंवा गिरणीच्या टाळेबंदीनं मधेच नोकरी तुटलेल्यांतले कितीतरी त्या वयापर्यंत पोचलेच नाहीत. छाती भरलेली आणि कार्ड संपलेलं, अशा अवस्थेत ते बाजारातल्या मेडिक्लेमसमोर येऊन उभे राहिले.

बाजारातली रेघ तरी पक्की आहे का? सरकारी कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणला तेव्हापासून ती सारखी हलत आली आहे. मानसिक आजार पॉलिसींत वगळलेले असत. मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला आणि शारीरिक आजारांच्याच पायावर त्यांचाही विमा द्या असं त्यानं बजावलं. एचआयव्हीसंबंधीचा २०१७ चा कायदा म्हणतो की विमा नाकारायचा तर त्याला आकडेवारीचा शास्त्रीय आधार हवा. जनुकीय विकारांना सरसकट वगळणारं कलम दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये भेदभावाचं ठरवलं. पूर्वीच्या आजारासाठी थांबायची कमाल मुदत आधी चार वर्षं होती, २०२४ पासून तीन वर्षं झाली. सलग आठ वर्षं पॉलिसी चालवल्यावर कंपनीला जुन्या माहितीवरून वाद घालता येत नसे, ती मुदत आता पाच वर्षांवर आली. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. या प्रत्येक बदलाच्या आधी हाच हिशेब पुढे करून सांगितलं जात होतं की असं करता येणार नाही. कायदा बदलला, आणि करता आलं.

काही कलमांत तर हिशेबापेक्षा नैतिक निवाडाच जास्त दिसतो. व्यसनावरचे उपचार वगळलेले असतात. वंध्यत्वावरचे उपचार सर्वसाधारण पॉलिसीत बसत नाहीत. दारूनं यकृत गेलेल्या माणसाला 'तुझं तूच ओढवून घेतलंस' हे सांगणं सोपं असतं. पण तीन पाळ्यांत झोपेचं खोबरं झालेल्या, दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ माणसांत राहिलेल्या कामगाराच्या दारूत किती त्याची आणि किती त्या जगण्याची, हे कोणी कसं मोजणार? आजारात दोष शोधायला लागलं की शोधणाऱ्याला तो सापडतोच, आणि म्हणूनच उपचाराची पात्रता दोषावर ठरवू नये.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्षू अतिसारानं स्वतःच्याच घाणीत पडलेला बुद्धाला दिसतो. तुझी शुश्रूषा कोणी करत नाही का, असं विचारल्यावर तो कारण सांगतो: मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगाला पडलो नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. ज्यानं काही टाकलं नाही, त्याला काही मिळणार नाही, हा वर्गणीचाच न्याय आहे. बुद्ध आपल्या आनंद या शिष्याला पाणी आणायला सांगतो. दोघं मिळून त्या भिक्षूला धुतात, उचलून खाटेवर ठेवतात. मग संघाला बोलावून बुद्ध म्हणतो की इथं तुमची काळजी घ्यायला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी. यात आजार आधीचा की नंतरचा, स्वतःच्या चुकीचा की नशिबाचा, हा प्रश्न एकदाही येत नाही. नियम घालून दिला जातो तो साऱ्या संघाला, एखाद्या दयाळू भिक्षूच्या मर्जीवर तो सोडलेला नाही.

मुंबईच्या या भागात तो नियम जगणाऱ्या जागा आहेत. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात माणूस क्षय आहे म्हणूनच घेतला जातो. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी बाहेरगावाहून आलेल्या कर्करोग्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. फॉर्मवर जो आजार अपात्रता ठरतो, तोच इथं प्रवेशाची पात्रता आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही पूर्वीच्या आजारासाठी थांबावं लागत नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली करण्याचं आणि दीड लाखांचं संरक्षण पाच लाखांवर नेण्याचं ठरवलं. तिच्यातही उपचारांची ठरलेली यादी आहे आणि ठरलेली रुग्णालयं आहेत; ज्याचा उपचार यादीत नाही तो रोगी तिथंही बाहेरच राहतो. तरीही दारात उभ्या असलेल्या माणसाचा भूतकाळ ती विचारत नाही, हे पाऊल मोठं आहे.

म्हणून भांडण विमा कंपनीशी घालून उपयोग नाही. ती जळत्या गासडीचा विमा उतरवणार नाही, आणि तिनं उतरवावा असा हट्ट धरला तर हप्ता इतरांच्या आवाक्याबाहेर जाईल. १९४४ मध्ये वटहुकूम काढण्याची वेळ विमा कंपन्यांवर आली नव्हती, राज्यावर आली होती. आजही मागणी राज्याकडेच करायला हवी: सगळ्यांना आत घेणारी, सक्तीची, सगळ्यांच्या वर्गणीची आणि करांच्या पैशावर उभी राहिलेली सोय. आडारकरांच्या योजनेत ती कारखान्याच्या फाटकापाशी थांबली होती. तिला फाटकाबाहेर आणायचं काम ऐंशी वर्षं राहिलं आहे.

तोवर घरोघरी फॉर्म भरले जाणारच. भरणाऱ्यानं सगळं खरं लिहावं, औषधाची प्रत्येक गोळी लिहावी, कारण एजंटनं 'राहू द्या' म्हटलं तरी क्लेमच्या वेळी तो शेजारी नसतो. फॉर्मची प्रत मागून घ्यावी. पॉलिसीचं नूतनीकरण एकदाही चुकवू नये, कारण तीन वर्षं आणि पाच वर्षं ही सलगच मोजली जातात. आणि ज्यांच्या घरात कुणी सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग, गोदाम किंवा डिलिव्हरीच्या कामावर आहे, त्यांनी एक चौकशी आजच करावी. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना ईएसआय लागू होते, आणि पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१ हजार रुपये झाली. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालकाला सव्वातीन टक्के भरावे लागतात. कॉटन ग्रीनच्या जुन्या गोदामांच्या जागी आणि भोवती आज जे काम चालतं, त्यातलं पुष्कळसं ठेकेदारामार्फत चालतं, आणि नाव नोंदवायची टाळाटाळ तिथंच होते. ठेकेदाराकडे विमा क्रमांक मागा, पगाराच्या चिठ्ठीत कपात दिसते का ते बघा, आणि दिसत नसेल तर ईएसआयच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या.